ऑपरेशनच्या आधी नंबर

वाळव्याकडून आलेलं कुटुंब ओपीडीत बसल्याबरोबर ऑपरेशनची तारीखच विचारू लागलं. मुलगी चार वर्षांची, डावा डोळा नाकाकडे वळलेला. आजी म्हणाली, "तिरळं प्वार नशिबाचं असतंय म्हणत्यात, म्हणून वरीसभर थांबलो." त्या एका वर्षानं डाव्या डोळ्याचं काय केलं ते पुढे कळलं.

आईच्या मोबाइलमधले फोटो मी आधी बघितले. दुसऱ्या वाढदिवसाला डोळे सरळ. तिसऱ्यानंतर डावा आत, सुरुवातीला फक्त दमल्यावर किंवा चित्रं बघताना, मग दिवसभर. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आलेल्या मोठ्या तिरळेपणाला बहुधा ऑपरेशनच लागतं. असा उशिरा आलेला आणि जवळचं बघताना वाढणारा असेल, तर आधी नंबर शोधायचा. चष्मा तिच्याजवळ होता, प्लस दीडचा, डोळ्याचा जोर सैल करणारं औषध न घालता कॉम्प्युटरवर काढलेला. तिथेच चूक झाली होती. लहान मूल डोळ्यावर जोर देऊन प्लस नंबर सहज लपवतं. तोच जोर डोळा आत ओढतो, कारण स्पष्ट बघायची ताकद आणि डोळे आत वळवायची क्रिया मेंदूत एकमेकींना बांधलेल्या असतात.

टॉर्च दाखवला तर डोळा थोडाच आत दिसला. नुसत्या उजेडाकडे बघायला जोर लागत नाही. मग लाकडी पट्टीवर मांजराचं बारीक स्टिकर चिकटवून ३३ सेंटीमीटरवर धरलं आणि विचारलं, "मांजराला मिश्या किती?" ती मोजू लागली आणि डावा डोळा पार आत गेला. उजवा झाकल्यावर डावा बाहेर सरकून मांजराकडे वळला, पण सावकाश, आणि मुलगी माझा झाकलेला हात झटकू लागली. म्हणजे डाव्यानं कमी दिसत होतं. प्रिझम बारवर, म्हणजे तिरळेपणा मोजायच्या काचांच्या पट्टीवर, जवळचं बघतानाचा कोन प्रिझमच्या मापात ४५ आला.

लपलेला नंबर बाहेर यावा म्हणून जोर सैल करणारं ॲट्रोपीन मलम दिलं: १ टक्का, दोन्ही डोळ्यांत, तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, तीन दिवस. लावल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, हात धुवायचे, मुलाची बोटं तोंडात जाऊ द्यायची नाहीत. चेहरा लाल झाला, ताप आला, छातीत धडधडलं तर मलम बंद करून लगेच कळवायचं. चौथ्या दिवशी सकाळी मात्र लावायचं नाही, नाहीतर चिकटपणामुळे रेटिनोस्कोपची (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायच्या यंत्राची) चमक नीट दिसत नाही.

चौथ्या दिवशी उजव्यात साडेसहा, डाव्यात सव्वासात. मी जेवढ्या अंतरावरून तपासलं त्याचे दीड वजा केले: प्लस पाच आणि प्लस पावणेसहा. डॉक्टरांनी मागचा पडदाही तपासला. तो न बघता तिरळ्या मुलाला घरी पाठवूच नये, कारण पडद्याची गाठ कधीकधी तिरळेपणातूनच पहिल्यांदा दिसते.

नंबर पूर्ण दिला. "एवढा नंबर लेकराला झेपायचा नाही" म्हणून दुकानात तो कमी करून देतात, म्हणून चिठ्ठीवर 'पूर्ण नंबर, कमी करू नये' असं ठळक लिहिलं. मलमाचा असर आहे तोवरच चष्मा सुरू करायला सांगितलं, कारण तेव्हा मूल जोर लावू शकत नाही आणि काच लवकर स्वीकारतं. फ्रेम नाकावरून घसरली की मूल काचेवरून बघतं, म्हणून मागून पट्टा.

सहा आठवड्यांनी ती परत आली. टॉर्चशेजारी मांजर धरलं. काळ्या बाहुलीवरचा उजेडाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत मधोमध! चष्मा काढला, तशी डाव्यातला ठिपका कानाच्या बाजूला बाहुलीच्या कडेपर्यंत गेला. आईचा चेहरा उतरला. "म्हणजे बरं नाही झालं?"

झालं होतं, हेच समजावण्यात वेळ गेला. चष्मा घातल्यावर जेवढा कोन उरतो, तेवढ्याचाच ऑपरेशनसाठी विचार करायचा. बिनचष्म्याचा कोन धरून स्नायू सरकवले असते तर चष्मा लावल्यावर डोळा बाहेर गेला असता. इथे जवळचा-लांबचा कुठलाच कोन उरला नव्हता.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक आत गेला आणि एकाचे दोन दिसू लागले, तर त्याला हा हिशोब लावू नये. तिथे साखर आणि बीपी आधी तपासायचं, डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूचा विचार करायचा. सोबत डोकेदुखी-उलटी असेल तर मूल असो वा मोठं, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

नजर मात्र अडकली होती: चष्म्यासह उजवा ६/९, डावा ६/२४ (पूर्ण नजर म्हणजे ६/६). डाव्याला काम करावं लागावं म्हणून उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, तीही कातडीला चिकटणारी, काचेवर नको, कारण मुलं कडेनं डोकावतात. त्या वेळात मणी ओवणं, शेंगदाणे निवडणं असलं बारीक काम द्यायचं.

निघताना आजीनं विचारलं, "चष्मा कवा सुटंल?" प्लस नंबर वयासोबत उतरू शकतो, काहींचा मोठेपणी सुटतो, काहींचा नाही, असं खरं ते सांगितलं. आंघोळ आणि झोप सोडून काढायचा नाही. पुढची तपासणी आठ आठवड्यांनी, पट्टी किती तास टिकली त्याची वही घेऊन.