एक प्रश्नचिन्ह

मंगळवार, रात्री साडेदहा

एक प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही. कॉलच्या मिनिट्समध्ये माझ्या नावापुढे ‘शुक्रवार’ आणि त्याला चिकटून श्टुटगार्टच्या जर्मन बाईने टाकलेलं ते. दुसऱ्या कुणी पाहिलंही नसेल.

आठ वर्षं नाशिकच्या अंबडला क्वालिटीत आहे, मालातल्या दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा एट-डी रिपोर्ट काय आज पहिल्यांदा लिहिते? ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं तासभर मागे गेली. श्टुटगार्टचे सकाळचे नऊ म्हणजे आता आपले दुपारचे दीड. ऐन जेवणात कॉल. कुणी विचारलं? डबा रोज गार, आज तर तसाच परत आला. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि हिला माझ्या शुक्रवारची शंका.

शंका बरोबर होती, हीच खरी बोच. मालाला मुलामा चढवून देणारा सातपूरचा प्लेटिंगवाला म्हणाला होता, “बघतो मॅडम, होऊन जाईल.” त्या ‘होऊन जाईल’चा मी शुक्रवार केला. ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाहीच, हे त्याला माहीत, मला माहीत, साहेबांनाही माहीत. इंग्रजीत सांगताना तेवढं वाटेत सांडलं. सांडलं कसलं, मीच सांडवलं.

परवा आत्याने विचारलं, “सिन्नरला लग्नाला येतेस ना?” म्हटलं, “बघते गं.” तिने लगेच विषय बदलला. कळलं तिला. का जात नाही तेही कळलं असेल, पण ते राहू दे.

संध्याकाळी प्लेटिंगवाल्याला पुन्हा फोन लावला. “नक्की कधी, तारीख सांगा.” तो गप्प. मागे नुसता कॉम्प्रेसर. मग म्हणाला, “सोमवार धरा. दुपारनंतर.” इतकं तोंडावर विचारल्याचं मलाच कसंतरी झालं.

मेलमध्ये सोमवार लिहिलं. तोवर हातातला माल शंभर टक्के तपासूनच पाठवू, हेही. पाच मिनिटांत उत्तर: ठीक आहे. ना राग, ना कौतुक. निदान एखादा टोमणा तरी मारायचा!

प्रश्नचिन्ह गेलं का बघायला आत्ता शीट उघडली. आहे तिथेच आहे. जरा खाली गेले, तर त्यांच्याच टूलिंगवाल्याच्या तारखेपुढे दोन. तोही जर्मनच.

हे दुपारी दिसलं असतं तर गार का होईना, डबा खाल्ला असता.