पाणी नसताना पोहायचं कसं

विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जायचं म्हणजे काय असतं ते मास्तर लोकांनाच माहीत. बावीस वर्षं झाली मला सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेतून बोलावणं येतंच आणि दरवर्षी तेच, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलचं ठिबक सिंचन, आणि 2019 च्या महापुरानंतर पूर आला की वाजणारा अलार्म तर प्रत्येक प्रदर्शनात किमान चार. वाईट नाहीत हो, पण चाळिसाव्या टेबलापर्यंत माणूस नुसता मान हलवायला लागतो.

तर त्या दिवशी दुपारी जेवण करून सुस्तावलेला मी शेवटच्या रांगेत पोचलो. तिथं हरिपूरचा एक पोरगा, अकरावीचा, बारीक, अंगापेक्षा शर्ट मोठा. टेबलावर कढईला ताणून बांधलेली जुनी ओढणी, त्यात लोखंडी गोळा (जड वस्तूजवळ जागा आणि काळ दोन्ही असे वाकतात ते दाखवायला), आणि तक्त्यावर लिहिलेलं 'अवकाश-काळ वाकवून यान पुढे नेता येईल का?' म्हणलं चला, वॉर्प ड्राइव्ह, म्हणजे सिनेमातलं ते जागा वाकवून प्रकाशापेक्षा जोरात जाणारं यान, पिक्चर बघून आलाय बेटा.

पण बोलायला लागला आणि मी जरा सरळ उभा राहिलो. 1994 साली मिगेल अल्कुबिएरे नावाच्या मेक्सिकन माणसानं आइनस्टाइनच्या समीकरणांत बसेल असा एक बुडबुडा मांडला, यानाच्या पुढची जागा आकसायची, मागची फुगायची, आणि यान मधे निवांत, आत बसलेल्याला धक्का म्हणून नाही. हे बऱ्याच पोरांना माहीत असतं. ह्यानं पुढचं पण वाचलेलं. त्याला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्यापेक्षाही कमी ऊर्जा लागते, आणि 1997 साली फेनिंग आणि फोर्ड ह्यांनी हिशोब घातला तर शंभर मीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला लागणारा आकडा दिसणाऱ्या सगळ्या विश्वातल्या वस्तुमानापेक्षाही मोठा निघाला. पुढं 1999 ला व्हॅन डेन ब्रूक ह्यानं बुडबुड्याचा आकार बदलून तो काही सूर्यांएवढ्यावर आणला.

"आणि सर, प्रकाशापेक्षा जोरात गेलं तर आतल्या माणसाचा सिग्नल बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचतच न्हाई. म्हणजे ब्रेक पण न्हाई न् स्टेअरिंग पण न्हाई."

मी म्हणलं मग व्हय की नाही ते सांग एकदाचं. तर म्हणतो, "सर, खरी अडचण येगळीच हाय. 2021 ला बॉब्रिक आणि मार्टिरे ह्यांनी दाखवलंय, की असला बुडबुडा म्हणजे शेवटी पदार्थाचं एक कवचच. त्याला पण कुणीतरी ढकलाय लागतंय. मग ते इंजिन कसलं?"

मला हे फार आवडलं, खरंच सांगतो. इतकं सगळं वाकवून शेवटी प्रश्न बैलगाडीचाच, ओढणार कोण. मी पेन काढून चांगले मार्क टाकणार एवढ्यात माझी नजर तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर गेली. 'ढकलायला काहीही नसताना पुढे जाता येते.'

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हणलं बाळा, कृष्णेत पोहतोस का? "रोज, सर." मग हात मारतोस म्हणजे काय करतोस, पाणी मागं लोटतोस, म्हणून तू पुढं. पाणीच नसेल तर कितीही हातपाय झाड, तुझं सेंटर ऑफ मास, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, आहे तिथंच राहणार, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय.

तो काही बोलला नाही. हेडसरांच्या केबिनमधली फिरती खुर्ची त्यानं आधीच मागून आणलेली, तीवर पाय वर घेऊन बसला, दोन्ही हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. हात पसरून डावीकडं नेले, छातीशी घेतले, उजवीकडं आणले, परत पसरले. असं आठ-दहा वेळा. आणि खुर्ची हळूहळू फिरून त्याचं तोंड माझ्याकडून खिडकीकडं गेलं, जमिनीला पाय न लावता! (बेअरिंगचं घर्षण असतंच, पण घर्षण शून्य केलं तरी हे होतं, मांजर उलटं पडलं तरी चार पायांवर उतरतं ते ह्याच हिशोबानं.) मी म्हणलं वळता येतं रे, पण सरकता येत नाही. तो म्हणाला, "सपाट जागेत न्हाई सर. वाकलेल्या जागेत येतंय. एमआयटीच्या जॅक विस्डम ह्यांचा 2003 चा पेपर हाय, 'सायन्स' जर्नलमधला."

यूट्यूबवर कायपण बघतात, असं म्हणून मी शेरा मारला, 'मूळ सिद्धांत चुकीचा', पन्नासपैकी एकोणीस. कागद जमा केला. पहिला नंबर उसाचे डोळे काढायच्या यंत्राला गेला, आणि ते यंत्र चांगलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

घरी आलो, चहाबरोबर भडंग खात खात सहज शोधलं, आणि पेपर निघाला की ओ. नावच 'स्विमिंग इन स्पेसटाइम'. रात्री एक वाजेपर्यंत मी कागद काळे करत बसलो, बायको दोनदा येऊन बघून गेली.

मला कळलं ते असं. सपाट जागेत सेंटर ऑफ मास पक्कं, आतल्या हालचालींनी ते ढिम्म हलत नाही. पण गोलावर तीन वजनं ठेवा, आधी दोघांचा मध्य काढून तो तिसऱ्याशी जोडा, मग क्रम बदलून करा, दोन उत्तरं वेगळी येतात. म्हणजे जो बिंदू हलत नाही असं मी ठासून सांगत होतो तो वाकलेल्या जागेत धड एक नसतोच. त्या फटीतून शरीर नुसतं आकार बदलत, हात पसर-मिट करत, थोडं सरकू शकतं. 2022 मधे जॉर्जिया टेकमधे वक्र पट्ट्यांवर मोटर बसवलेली वजनं सरकवून एक रोबोट असा हलवून पण दाखवलाय.

आता किती सरकतं ते ऐका. पृथ्वीजवळ जागा वाकलीय ती इतकी कमी, की एक मीटरच्या शरीरानं एक हात मारला तर सरकणार मीटरचा 10 वर उणे 23 घात. प्रोटॉन ह्याच्यापुढं डोंगर. हिंगोलीला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, उभी राहतीये, तसली यंत्रं प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल पकडतात, हे त्याच्याही लाखपट लहान. सेकंदाला एक हात असा नेम धरला तर एक मिलिमीटर जायला विश्वाच्या वयाच्या दोनशेपटीहून जास्त वेळ. आयर्विन पुलाच्या एका टोकाचा दुसऱ्या टोकापर्यंतचा हिशोब मी मुद्दाम केलाच नाही.

पण शून्य नाही ना. आणि मी शून्य म्हणून शेरा मारून आलो होतो.

सकाळी त्याच्या शाळेतल्या सरांना फोन लावला, निकाल लागून गेलेला, मार्क काही बदलणार नव्हते, म्हणून नंबर घेऊन थेट पोराशीच बोललो. चुकलं माझं म्हणालो. तो अवघडला, "असू द्या की सर" म्हणाला, आणि लगेच, "कृष्णविवराजवळ किती सरकंल ओ?"

ऑफ तासाला स्टाफरूममधे बसून काढलं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरापासून तीस किलोमीटरवर एका हाताला साधारण अर्धा अणू. फक्त तिथं डोक्यापासून पायापर्यंत असा ताण बसतो की हात मारायला हातच जाग्यावर राहणार नाहीत. तसा मेसेज टाकला.

रात्री साडेदहाला उत्तर आलं. "सर, पेपरातल्या सूत्रात पोहणाऱ्याच्या लांबीचा घन हाय. मग एक मीटरचा पोहणारा कशाला, एक किलोमीटरचा करूया की."

परत कागद घेतला. पृथ्वीजवळच, किलोमीटरभर लांब, एका हाताला पाच-सहा प्रोटॉन. कळवलं. तर म्हणतो, "सर मग लायगोला दिसंल!"