तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून लंगडते ते का

देवळात भेटा, बाजारात भेटा, लग्नाच्या मांडवात भेटा, प्रश्न एकच. "बाई, गुडघा बदललात ना? मग अजून लंगडता कशा?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुमचंच: "सरकारी इस्पितळात केलंत, म्हणून." तीन वर्षं मी हसून "चालायचंच" म्हणते. त्यातली गंमतही कोणाला कळत नाही. तेव्हा आज एकदाच सगळं सांगते, पुन्हा विचारू नका.

आधी ते "सरकारी" निकालात काढू. सांधा स्वस्तातला घातला असेल, असं तुमच्या मनात असतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोम धातूचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये, वर जीएसटी, मग इस्पितळ सरकारी असो की खासगी. सांध्याला माझी तक्रार नाही. कमरेखाली बधिर केलं होतं, कान मात्र जागे होते. आत सुतारकाम चालल्यासारखी ठोकाठोक ऐकली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. चौथ्या दिवशी संडासपर्यंत चालत गेले आणि कॉटवर परतून पोरीसारखी रडले, आनंदाने. हाडाचं जुनं दुखणं त्या दिवशी गेलं ते गेलं.

म्हणजे बिघडलं ते घरी बिघडलं. उशीने.

माझ्या शेजारच्या कॉटवर खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई होती. तिच्या दोन पायांमध्ये कायम एक जाड उशी. खुब्याच्या माणसाने पायावर पाय टाकायचा नाही, फार वाकायचं नाही, नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. गुडघ्याचं उलटं, वाकवायचा आणि सरळही करायचा, दुखलं तरी. हा फरक आम्हा दोघींना ठाऊक होता. भेटायला येणाऱ्यांना नव्हता. माझ्या नणंदेने, वन्संनी, ती उशी पाहिली आणि लक्षात ठेवली.

घरी आल्यावर चार रात्री झोप नाही. पाय सरळ टाकला की गुडघ्यामागे दोरी ताणल्यासारखं. वन्सं राहायला आल्या होत्या. पाचव्या रात्री त्यांनी कपाटातून सासूबाईंची शेवरीच्या कापसाची उशी काढली, दोनदा थोपटली आणि माझ्या गुडघ्याखाली सरकवली. काय सांगू! दोरी सुटली. सकाळी साडेसातपर्यंत झोपले. वन्संनी पेज आणून दिली, वर खारातली आंब्याची फोड. असं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मग ती उशी तिथेच राहिली. रात्री, दुपारी, टीव्हीपुढे पाय स्टुलावर टाकला की तिथेही.

सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले. व्यायाम घेणारी मुलगी, वयाने माझ्या शाळेतल्या पहिल्या बॅचच्या नातीएवढी, म्हणाली, "पाय सरळ ठेवा, गुडघा खाली दाबा." तिने आपला हात माझ्या गुडघ्याखाली घातला. मी सगळा जोर लावला. तिचा हात आरामात या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर. मग प्लॅस्टिकची कोन मोजायची पट्टी लावली. पंधरा अंश. म्हणजे गुडघा पंधरा अंश वाकलेलाच.

"खाली उशी घेता का?"

"हो," मी म्हटलं. आणि अभिमानाने म्हटलं, बरं का. पाठ झालेली कविता म्हणून दाखवावी तशी.

तिने पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाली, थोडा वाकलेला गुडघा सगळ्यात आरामात असतो, कारण तेव्हा आत जागा जास्त होते. म्हणून तर बरं वाटतं. आणि म्हणूनच तिथे उशी घ्यायची नाही, तसाच आखडतो. उशी टाचेखाली घ्यायची, गुडघा अधांतरी, स्वतःच्या वजनाने खाली जायला पाहिजे.

पाय पुरता सरळ होत नाही, तर तो दुसऱ्यापेक्षा आखूडच पडतो. झालं, हेच ते लंगडणं.

आता तुम्ही म्हणाल, इस्पितळात सांगितलं नव्हतं का? मीही कित्येक दिवस हेच म्हणत होते. घरी सोडताना कोणी बसवून सांगितलं नाही, हे खरंच आहे. चार मिनिटं, औषधांची पिशवी, फाईल, पुढची तारीख, आणि दारात दुसरा पेशंट. पण गेल्या चवथीच्या साफसफाईत ती फाईल हाती लागली. आत व्यायामांचा एक कागद, इंग्रजीत. चौथ्या ओळीत लिहिलंय, गुडघ्याखाली उशी ठेवू नये. पुढे पेनाने बरोबरची खूण. कोणीतरी कधीतरी ती केली, बहुधा माझ्यासमोरच. एकतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईने तो कागद वाचला नव्हता.

कागद मराठीत का नव्हता? कोकणीत का नव्हता? त्या वॉर्डात इंग्रजी वाचणाऱ्या किती होत्या? हा राग माझा अजून आहे, आणि तो खोटा नाही. पण मला इंग्रजी येतं. मग?

व्यायामाला आठवड्यातून दोनदा बोलावलं होतं. मी एकूण दोनदा गेले. दोन बसा बदलून, वॉकर घेऊन, ही तेव्हाची माझी सबब. मुलाची शिफ्ट, सुनेची शाळा. पण आताची मी तिला विचारते, पाचव्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नाला डिचोलीला गेलीसच ना? तेव्हा गाडी कुठून मिळाली? तेव्हाची मी म्हणते, लग्न एकदाच असतं. पाय तर दोन आहेत, असं काही तिचं गणित असावं.

पुढे टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, दिवसातून चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, दात खाऊन. पंधराचे सहा अंश झाले. शेवटचे सहा हलत नाहीत. सकाळी कोणाला कळतही नाही, संध्याकाळी कळतं. फुगडी गेली. आदोळीवर बसून खोबरं खवणं गेलं, सून टेबलावर खवते. पण पेडण्याच्या बाजारात मी पिशवी घेऊन जाते, कोणाचा हात न धरता, हे मात्र तुम्ही कधी विचारत नाही.

दुसरा गुडघा करणार का? तोही दुखतो. डॉक्टर म्हणतात, करा. बघू.

वन्संना हे सगळं मी सांगितलेलं नाही. त्याही विचारतात, "लंगडतेस का गं अजून?" आणि मी म्हणते, "वय झालं, वन्सं." वन्सं, हे वाचलंत तर रागावू नका. उशी चांगलीच होती. अजून घेते, डोक्याखाली.