निरीक्षणाचा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना शाळेच्या अनेक आठवणी मनात आल्या. पण भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना जी शिकवण मला रोज उपयोगी पडते, तिच्याविषयीच लिहावे असे मी ठरवले आहे.

आमच्या विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीतील ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे दोन रकाने कधीही एकमेकांत मिसळू देत नसत. पुस्तकातले उत्तर पाहून कुणी द्रावणाचा रंग लिहिला, तर त्या परीक्षानळी उजेडाकडे धरायला लावत आणि म्हणत, “काय दिसायला हवं, ते मला माहीत आहे. तुला काय दिसतंय, ते सांग.” वर्गातल्या भांडणांनाही त्यांचा हाच नियम असे. “याने मला मुद्दाम ढकललं” अशी तक्रार घेऊन कुणी गेले, की ‘ढकलले’ हे निरीक्षण आणि ‘मुद्दाम’ हे अनुमान, असे त्या शांतपणे वेगळे करून दाखवत आणि मग दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत. दुसऱ्यांदा सांगताना आवाज बहुधा खाली आलेला असे.

शस्त्रक्रियागृहात या सवयीवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. मॉनिटरवर ऑक्सिजनची पातळी ९८ वरून ९१ वर आली, तर सोबतच्या तरुण डॉक्टरने आधी तो आकडा मोठ्याने उच्चारावा, असा माझा आग्रह असतो. बोटावरचा सेन्सर सरकला असेल, हा विचार त्यानंतर. आधी कारण सुचले, की आकडा सांगायचा राहून जातो. वरिष्ठांसमोर बोलण्याचा संकोच तर याहून मोठा अडसर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या १९ मुद्द्यांच्या तपासणीसूचीत त्याचा विचार केलेला दिसतो. त्वचेवर छेद घेण्यापूर्वी सगळे क्षणभर थांबतात, प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो, आणि रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती व शरीराच्या कोणत्या जागी, हे सर्वांसमक्ष पडताळले जाते. ज्याने एकदा सर्वांदेखत आपले नाव उच्चारले, त्याला पुढे “थांबा” म्हणणे सोपे जाते, हा माझा अनुभव आहे.

आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मात्र सूची सर्वत्र लागू झाल्यानंतरही लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. सूचीवर खुणा होतात, पण माणसे एकमेकांशी बोलतातच असे नाही, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते. बाईंच्या वहीत हे वाक्य अर्थातच अनुमानाच्या रकान्यात गेले असते.

कामातला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो, कारण माझे काम ज्याच्यासाठी असते तो त्या वेळी झोपलेला असतो आणि जागा झाल्यावर त्याला बहुधा माझा चेहराही आठवत नाही. रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांविषयीचा एक अभ्यास अमेरिकेतील जेन डटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांपैकी काहींना ते नुसते झाडणे-पुसणे वाटत होते, तर काही जण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक मानत होते आणि ठरवून दिलेल्या कामापलीकडे जाऊन रुग्णांची विचारपूस करत होते. कामाचे मोल मोठ्या पदावर ठरत नाही, ते कुणासाठी चालले आहे हे दिसण्यावर ठरते, असे मला यातून मनापासून पटले. भूल देण्यापूर्वी रुग्णाचा हात हातात घेऊन, आता नेमके काय होणार आहे, हे त्याला खरे खरे सांगण्याची ती दोन मिनिटे मला माझ्या कामाचा गाभा वाटतात.

स्वतःला ओळखणे मात्र एकट्याने जमत नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’चे चार कप्पे आहेत, त्यांतल्या एकात आपल्याविषयीच्या अशा गोष्टी असतात, ज्या इतरांना दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत. माझा तो कप्पा एका ज्येष्ठ परिचारिकेने उघडला. “प्रसंग अवघड झाला की तुम्ही गप्प होता,” त्या म्हणाल्या, “आणि आम्हाला वाटतं, तुम्ही चिडलात.” गप्प होणे हे त्यांचे निरीक्षण होते आणि चिडणे हे अनुमान; पण त्यांनी दोन्ही वेगवेगळे करून सांगितले, म्हणून मला ते ऐकता आले. तेव्हापासून अशा वेळी मी मनात चाललेला हिशेब मोठ्याने बोलते: रक्तदाब किती आहे, कोणते औषध देते आहे, पुढच्या मिनिटात कशाची वाट पाहते आहे. आता तो ऐकून त्या हवी असलेली सिरिंज मी मागण्याआधीच पुढे करतात, आणि एखादा आकडा त्यांना वेगळा दिसला तर तसे सांगतातही.