येझदीचं कुबड: पत्रा वळला, आता मठारकाम

मागच्या वेळी कुबडाचा पुठ्ठ्याचा साचा मोटरसायकलच्या फ्रेमवर बसला होता, तिथून पुढे. बेत तोच आहे: माझ्या जुन्या येझदी रोडकिंगची लांब सीट काढून एकट्यापुरती सीट आणि तिच्यामागे ॲल्युमिनियमचं कुबड, म्हणजे सीटमागचा गोलसर उंचवटा. फायबरचं तयार मिळतं, स्वस्तही पडतं. पण टू-स्ट्रोकच्या थरथरीने त्याला बोल्टच्या भोकापाशी तडे जातात, आणि विकतचंच लावायचं तर ऐरण कशाला घेतली?

पत्रा ११०० ग्रेडचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध, मऊ ॲल्युमिनियमचा, दीड मिमी. ६०६१ या कडक मिश्रधातूच्या नादी लागू नका. ब्रॅकेटला झकास, पण गोलाई ठोकायला गेलात की चिरते. ११००सुद्धा दुकानातून बहुधा अर्धवट कडकच येतो, म्हणून आधी तापवून मऊ करायचा. इथेच गंमत आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर लोखंडासारखं लाल होत नाही. डोळ्यांच्या भरवशावर राहिलं तर सरळ भोकच. त्यावर जुनी युक्ती म्हणजे साबण. कपडे धुवायच्या वडीने पत्र्यावर रेघा ओढायच्या आणि गॅसचा टॉर्च उलट्या बाजूने फिरवत राहायचा. रेघ तपकिरी होते, मग काळपट. काळी पडली की ज्योत बाजूला. गार झाल्यावर पत्रा हाताने वाकतो.

मग वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी. मधला भाग फुगवणं सोपं, कडा आवळणं हे खरं काम. कडेला चुण्या पाडायच्या आणि पत्र्याला पळायला जागा न ठेवता त्या जिरवायच्या. घाई केली की चुणी दुमडून एकावर एक बसते आणि तिथेच फाटतं. पत्रा कधी कडक झाला ते कानाला कळतं: ‘थप थप’चा ‘टण टण’ व्हायला लागला की मोगरी खाली, साबण पुन्हा हातात.

डावा-उजवा भाग वेगळा ठोकून मधोमध टिग वेल्डिंगने (आर्गॉन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाने केलेलं वेल्डिंग) जोडून घेतला, भोसरीत. मशीन एसीवर लागतं, नाहीतर वरचा ऑक्साइडचा थर फुटत नाही. फिलर रॉड, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची कांडी, ११००चाच आग्रहाने घ्या. ४०४३ या सिलिकॉनवाल्या रॉडने वेल्डिंग सुरेख वाहतं, पण शिवण कडक होते; नंतर तिच्यावर हातोडी चालवायची असते, त्यासाठी ती मऊच हवी. शिवण कानसताना कानशीला खडू चोळा, दातांत ॲल्युमिनियम बसत नाही.

सध्या मठारकाम सुरू आहे, म्हणजे गुळगुळीत हातोडीने ठोके देत पत्रा सारखा करणं. ते बघायला पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. तिथे हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर थोडा चढतो. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. ते तांब्यावर हे ठोके मिरवतात. मला ते कानस आणि पॉलिश पेपरने घालवायचे आहेत. अर्थात एक बाजू तशीच ठेवायचा मोह होतोय.

बसवताना कुबड आणि फ्रेमच्या मध्ये रबरी बुश, बोल्टखाली नायलॉन वॉशर. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकला की पुण्याच्या एका पावसाळ्यात पांढरी भुकटी दिसायला लागते. टेललाइट मूळचाच ठेवणार. वायरिंगसाठी आतून पट्टी रिव्हेट करायची बाकी आहे, ती कुबड पॉलिश करण्याआधी.