दोनदा दाबलं की कानात रिंग

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघाले, की पुढचे काही महिने यार्डातलं गिऱ्हाईक वाढतं. चार्जिंगच्या तोंडात आणि स्पीकरच्या जाळीत गुळाचा चिकटा बसलेले फोन येतात. त्यातच एक अडते काका गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ हेडसेट घेऊन आले.

"गाणी झ्याक वाजत्यात. फोन आला की मुकं होतंय. आवाज मोबाईलमधनंच येतोय. सौद्यात एक हात गुळाच्या ढेपेवर, रव्यावर असतोय, गुजरातचा व्यापारी लाईनीवर असतोय, आणि मी हिकडं खिसा चाचपतोय."

मी नेहमीचं सगळं केलं. सेटिंगमध्ये हेडसेटच्या नावापुढं कॉलचं बटण चालू आहे का बघितलं, होतं. जोडणी पुसून नव्यानं केली. माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला, तर आवाज दोन्हीकडून खणखणीत. काका गेले आणि दुसऱ्या दिवशी अकराला परत हजर.

"तुझ्यासमोर शहाण्यासारखं वागतंय बघ. पेढीवर गेलं की पुन्हा तेच. आणि बटण दोनदा दाबलं की कानात भलतीकडंच रिंग जातीया."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. वयस्कर माणूस, चुकून काहीतरी दाबत असेल, असं मनात ठरवून टाकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण सगळं उत्तर त्या वाक्यातच होतं.

माझा संशय पेढीतल्या वायफायवर होता. तो संशय अगदीच खोटा नव्हता. हेडसेटचं ब्लूटूथ आणि बरेचसे वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ब्लूटूथ तिथल्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत वाट काढतं, तरी गर्दी फार झाली तर अडखळतं. त्यात गाण्याला थोडं आधी साठवून ठेवायची सवड असते, बोलण्याला ती नसते; बोललेलं त्या क्षणी पोचायला हवं. म्हणून अडथळ्याचा मार आधी कॉलवर बसतो. दुपारी दुकान भावावर सोपवलं आणि यार्डात गेलो.

काकांच्या पेढीवर रव्यांची थप्पी, हमालांची ये-जा, कोपऱ्यात दिवाणजी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब, लिहीत बसलेले. राऊटर बंद करायला लावला. काही फरक नाही. तेव्हा लक्षात आलं की अडथळ्यानं आवाज तुटतो, चिरकतो. इथं तर हेडसेटमध्ये कॉलच येत नव्हता. मी काकांच्या फोनची ब्लूटूथची यादी उघडली. हेडसेटच्या नावाखाली बारीक अक्षरात होतं, 'नो फोन'. काल माझ्या दुकानात ते नव्हतं.

गाणं आणि कॉल हेडसेटकडं दोन वेगवेगळ्या वाटांनी जातात. गाण्याची वाट ए-टू-डीपी, कॉलची एचएफपी. एक जोडलेली आणि दुसरी तुटलेली, असं होऊ शकतं. किंवा दुसरी वाट कुणीतरी दुसऱ्यानंच धरलेली असते. कुणी?

मी हेडसेट स्वतःच्या गळ्यात घातला आणि बटण दोनदा दाबलं. बऱ्याच हेडसेटमध्ये त्यानं शेवटचा नंबर पुन्हा लागतो. काकांचा मोबाईल समोर गल्ल्यावर गप्प पडलेला, आणि माझ्या कानात रिंग जायला लागली. कुणीतरी उचललं. "बोला दिवाणजी! सकाळपासनं तिसऱ्यांदा फोन, आणि बोलत काहीच न्हाई."

मी दिवाणजींकडं बघितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत काकांचा जुना मोबाईल, स्क्रीनवर कॉल चालू. नवा घेतल्यावर काकांनी तो पट्ट्यांचे फोटो शेतकऱ्यांना पाठवायला दिवाणजींना दिला होता. हेडसेट पूर्वी त्याच्याशी जोडलेला, ब्लूटूथ तसंच चालू राहिलेलं. रोज सकाळी काका पेढीवर हेडसेट सुरू करायचे, की जुना फोन आधी कॉलची वाट पकडायचा आणि नव्याला फक्त गाण्याची उरायची. दुकानात मी जोडणी पुसली ती नव्या फोनमधली. हेडसेटच्या स्मरणात जुना होताच.

काम पाच मिनिटांचं निघालं. जुन्या फोनमधून हेडसेटचं नाव काढलं, हेडसेट रिसेट करून त्याची सगळी यादी पुसली, मग एकट्या नव्या फोनशी जोडला. 'नो फोन' गेलं.

काकांनी तेवढ्यात आणखी एक विचारलं, कॉलवर आवाज डब्यातून आल्यासारखा का? तो बिघाड नव्हे. कॉलमध्ये माइकही चालवायचा असतो, त्यामुळं आवाजाचे साधारणपणे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच जातात. गाण्याला सहसा ४४,१०० असतात. काकांना हे पटलं, कारण नमुना म्हणजे काय हे गुळाच्या अडत्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मी त्यांना म्हटलं, "काका, रिंगचं तुम्ही सकाळी सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही."

"असू दे की. आलास न्हवं हितपर्यंत."

माझ्या दुकानातल्या वहीत आता 'बिघाड' या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखलाय. गिऱ्हाईक जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तिथं लिहितो. त्या दिवशी मी निघताना दिवाणजी त्या शेतकऱ्याला फोन करून तीन कॉलचं कारण समजावत होते. पलीकडून एवढंच विचारलं गेलं, "ते ऱ्हाऊ द्या, माझी पट्टी कधी मिळणार?"