चित्रकथेचे पैसे मागताना

2025 च्या पावसाळ्यात माझी पहिली छापील चित्रकथा वाचकांच्या घरी पोचली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक तंबोरा कसा घडतो, त्याची ती 48 पानांची, काळ्या शाईतली गोष्ट आहे. मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतात वाढलेला कडू भोपळा मिरजेत येतो, माळ्यावर वाळतो, कापला जातो, तुनाच्या लाकडाच्या दांडीला जोडला जातो आणि शेवटच्या पानावर त्याच्या तारा जुळतात, एवढेच तिचे कथानक. मार्च 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पुन्हा माणसांची ये-जा वाढली आणि वर्षानुवर्षे वहीत रेखाटने करत बसलेल्या मला ही गोष्ट आता पुरी करावी असे वाटले. तिला प्रकाशक नव्हता आणि वितरकही नव्हता. चित्रे मी काढली, अक्षरे मी बसवली, छापून मी घेतली आणि विकलीही मीच, तीही जवळजवळ सगळी घरबसल्या, फोनवरून. त्यानंतर चित्रे काढणाऱ्या बऱ्याच मुलामुलींनी मला एकच प्रश्न विचारला की लोक पैसे देतात का. त्याचे उत्तर मला जसे सापडत गेले तसे इथे लिहिते आहे.

मराठी वाचकाला चित्रांचे प्रेम आहे, याबद्दल मला कधी शंका नव्हती. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंकांची जी परंपरा झाली, तिच्यात व्यंगचित्राला मानाचे पान मिळाले. 1991 पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ येऊ लागला आणि असंख्य घरांत सकाळी पेपर उघडला की आधी तीच पट्टी वाचली जाऊ लागली. मात्र या सगळ्यांत चित्र नेहमी दुसऱ्याच्या घरी राहिले आहे. वाचक पैसे देतो ते अंकाचे किंवा वर्तमानपत्राचे, आणि चित्र त्याच्यासोबत येते. ‘अमर चित्र कथा’ 1967 पासून स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघते, ती मराठीतही आली आणि आम्ही ती एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून हट्ट करून घेतली, पण ती आईवडिलांनी मुलांसाठी घेतलेली खरेदी होती. मोठ्या माणसाने स्वतःसाठी, स्वतःच्या पैशांनी मराठी चित्रकथा विकत घ्यावी, अशी सवय आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. त्यात फोनवर चित्रे रोज फुकट दिसतात. त्यामुळे स्वतंत्र चित्रकथाकाराला चांगले पुस्तक करावे लागतेच, शिवाय ते विकत घेण्याची सवयही वाचकाला बरोबरच लावावी लागते, आणि हे दुसरे काम मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

मी 2021 पासून दर रविवारी इन्स्टाग्रामवर एक प्रसंग टाकत होते. छापील पानावर सहा चौकटी असतात. तेच पान जसेच्या तसे फोनवर टाकले तर संवादाच्या फुग्यातली अक्षरे मुंगीएवढी होतात आणि वाचक पुढे निघून जातो. म्हणून मी पान सोडून एकेक चौकट वेगळी करू लागले. 1080 बाय 1350 पिक्सेलच्या उभ्या चित्रात एक चौकट, आणि बोटाने सरकवत गेले की पुढची. एका पोस्टमध्ये आधी दहाच चित्रे मावत, 2024 पासून वीस मावू लागली, त्यामुळे एक आख्खा प्रसंग सलग सांगता येऊ लागला. हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. छापील पानावर डोळा एकाच वेळी सगळ्या चौकटींवरून फिरतो, तर फोनवर पुढची चौकट झाकलेली असते, म्हणून भोपळा कापतानाचा करवतीचा पहिला आवाज पुस्तकात ज्या जागी आहे, त्याच्या एक चौकट अलीकडे मला तो फोनवर आणावा लागला. या चार वर्षांत पाहणारे वाढले आणि मनापासून लिहिणारेही वाढले. पुस्तक काढायची वेळ आली तेव्हा आता हेच लोक ते घेतील, असे मी धरून चालले.

तसे झाले नाही. परदेशातले कलाकार किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून आधी पैसे गोळा करायची जशी मोहीम चालवतात, तशी आपणही चालवावी असे मला वाटत होते. किकस्टार्टरवर भारतातून प्रकल्प मांडता येत नाही, म्हणून मी इथल्या एका संकेतस्थळावर क्राउडफंडिंगचे पान केले. त्यावर वेगवेगळ्या रकमांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला भेटवस्तू आणि उद्दिष्टाची वर सरकत जाणारी पट्टी असे सगळे होते. दोन आठवड्यांत 19 जणांनी पैसे भरले आणि त्यातले बरेच नात्यातले होते. शुभेच्छांचे संदेश मात्र पुष्कळ आले. एक दिवस आत्याचा फोन आला. ती म्हणाली, ‘अगं, ते पान मी दोनदा वाचलं. तुला मदत हवी आहे की तू पुस्तक विकते आहेस, तेच मला कळेना. प्रकाशनपूर्व सवलत आहे असं सरळ लिही ना.’

तिचे म्हणणे मला पटले. मोठे ग्रंथ, कोश, समग्र वाङ्मयाचे खंड निघायच्या आधी प्रकाशक कमी किमतीत नोंदणी सुरू करतात आणि वाचक पैसे भरून पावती जपून ठेवतो, हे मराठी घरांनी कितीतरी वर्षे केलेले आहे. त्यात देणगीचा भाव नसतो. पुस्तक यायचे आहे, किंमत ठरलेली आहे, आधी घेतले तर स्वस्त मिळेल, इतका तो सरळ व्यवहार असतो. मी मोहीम बंद करून आलेले पैसे परत केले आणि एक साधे निवेदन लिहिले. त्यात पुस्तकाचा आकार, पाने, कागद आणि 250 रुपये किंमत दिली, 30 जूनपर्यंत नोंदणी करणाऱ्यांना टपालखर्चासह 200 रुपये असे सांगितले, आणि छपाईला द्यायची तारीख, शिवाय त्या तारखेपासून दोन महिन्यांत पुस्तक न मिळाल्यास पैसे परत, अशी अटही घातली. सोबत सहा पाने पूर्ण वाचायला ठेवली आणि यूपीआयचा क्यूआर कोड दिला. त्या पैशांसाठी बँकेत वेगळे खाते उघडले, कारण ते पुस्तक हाती पडेपर्यंत वाचकांचेच पैसे होते. महिनाभरात 212 नोंदण्या झाल्या. यातले अनेक जण तेच होते ज्यांनी आधीच्या पानावर नुसत्या शुभेच्छा दिल्या होत्या.

ही नोंदणी कुठून आली याची मी वही ठेवली होती. पोस्ट पाहून आलेले एकतृतीयांशही नव्हते. बाकीचे व्हॉट्सॲपवरून आले, आणि तेही मी ज्यांना थेट लिहिले होते त्यांच्याकडून किंवा त्यांनी पुढे कळवलेल्या माणसांकडून. समाजमाध्यमावर आपल्याला इतके हजार लोक पाहतात असे दिसते, पण आज त्यांतल्या कोणाला काय दाखवायचे हे ते माध्यम ठरवते. वाचकांचे फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते त्यांच्या परवानगीने आपल्याकडे लिहून ठेवलेले असले तर पुस्तक निघाल्याचे आपण त्यांना खात्रीने सांगू शकतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून मी प्रत्येकाला तसे करण्याची विनंती करते आणि महिन्यातून एकापेक्षा जास्त संदेश पाठवत नाही. कोणी नाव काढून टाका म्हटले तर त्याच दिवशी काढते.

याच व्हॉट्सॲपवर माझे एक पान खालची सही कापून गटागटांतून फिरले. ते मला माझ्याच मामेभावाने ‘बघ, तुझ्या आवडीचे’ म्हणून पाठवले, तेव्हा फार वाईट वाटले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढल्या क्षणी त्याचा हक्क चित्रकाराचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि कलम 57 प्रमाणे कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्कही त्याला आहे. पण गटात फिरणाऱ्या चित्रामागे कायदा घेऊन कोण धावणार? म्हणून आता मी कोपऱ्यात सही करत नाही. चौकटीतल्या दुकानाची पाटी, भिंतीवर टांगलेले कॅलेंडर, वाळत घातलेल्या भोपळ्यावर खडूने लिहिलेली खूण, अशा ठिकाणी नाव चित्राचाच भाग करून टाकते. ते कापायचे तर चित्र मोडते. त्यानंतर पुढे पाठवलेल्या चित्रांवरूनही लोक शोधत माझ्यापर्यंत आले आहेत.

छपाईबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. पहिले प्रूफ आले तेव्हा चित्रे सुरेख होती, पण अक्षरे मवाळ, दमट भिंतीवर लिहिल्यासारखी दिसत होती. भिंग लावून पाहिले तर प्रत्येक अक्षराची कड बारीक ठिपक्यांची झालेली होती, ‘रु’चा उकार भरून आला होता आणि काही अनुस्वार नाहीसेच झाले होते. चूक माझ्या फाइलची होती. मी चित्र आणि अक्षरे एकत्र करून 300 डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात 300 ठिपक्यांच्या, करड्या छटांच्या प्रतिमा दिल्या होत्या, आणि कडेची प्रत्येक करडी छटा छपाईत ठिपक्यांच्या जाळीत बदलते. नंतर रेषाचित्रे 600 डीपीआयला निव्वळ काळ्या-पांढऱ्यात दिली आणि अक्षरे चित्रापासून वेगळी, फॉन्ट म्हणूनच पीडीएफमध्ये ठेवली, तेव्हा ती कोरल्यासारखी स्पष्ट उतरली. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, विक्रीच्या पुस्तकातही तो विनामूल्य वापरता येतो. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते आणि फुगा मोठा होतो. म्हणून मी आता आधी संवाद बसवते आणि मग चौकटीत माणसे उभी करते.

पुस्तके पाठवणे हे मला सगळ्यांत आवडलेले काम आहे. जुलैचा पाऊस होता, म्हणून प्रत्येक प्रत आधी पारदर्शक पिशवीत, मग तिच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्याच्या एक बोट बाहेर येतील असे पुठ्ठे, आणि मग जाड खाकी पाकीट, असे आईने आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून बांधले. पुठ्ठा पुस्तकाच्या बरोबरीने कापला तर टपालाच्या पोत्यात कोपरे दुमडतात, हे पहिल्या सहा प्रतींनी शिकवले. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि कर, असा दर आहे. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते. खिडकीवरच्या बाईंनी पहिल्या दिवशी एक पाकीट उघडायला लावून ते नाव पाहिले, चार पाने उलटली, आणि आपल्या सासरी तंबोरा आहे असे सांगितले. हे टपाल जमिनीवरून जात असल्याने वेळ घेते, म्हणून वाचकांना मी आधीच दहा दिवस सांगून ठेवते. पाकिटात जाहिरातीचा कागद घालत नाही. पहिल्या पानावर वाचकाच्या नावासोबत एक छोटा भोपळा काढते, आणि प्रत्येक भोपळा वेगळ्या घडणीचा असतो, कारण शेतातही तो तसाच असतो.

हिशेबही सांगते, कारण आपण चित्रकार तो सांगायला लाजतो. 500 प्रती छापल्यावर एका प्रतीला 74 रुपये पडले, टपालाचे करासह साधारण 24 आणि पाकिटे बांधण्याचे 11. सवलतीच्या 200 रुपयांत 91 रुपये उरले. दुकानांतून विकायचे तर मला सांगितली गेलेली सवलत 40 टक्के होती, म्हणजे 250 च्या प्रतीमागे 150 रुपये हाती येऊन त्यातून छपाई वजा. ते अयोग्य आहे असे मी म्हणत नाही, दुकानालाही भाडे आहे, पण पाचशेच्या आवृत्तीला ते पेलत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, मात्र पोस्टर आणि स्टिकरवर तो लागतो. त्या वस्तू विकायला घेण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, त्याही मी पाठवल्या. पन्नास वर्षांनी कोणी मराठी चित्रकथा शोधायला बसले तर माझी तिथे सापडावी, असे मला मनापासून वाटते.

आता 38 प्रती उरल्या आहेत आणि दुसऱ्या आवृत्तीची नोंदणी दिवाळीनंतर सुरू करणार आहे. तिच्यात एक दुरुस्ती आहे. गल्लीतल्या एका ज्येष्ठ कारागिरांना मी पुस्तक भेट दिले होते. त्यांनी ते चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आणि शेवटच्या पानावर बोट ठेवले. तारेत ओवलेले, स्वर बारीक जुळवायचे मणी मी घोडीच्या, म्हणजे भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, वरच्या बाजूला, दांडीकडे काढले होते, आणि ते असतात घोडीच्या खाली. त्यांनी दुकानातला अर्धा झालेला तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला, माझा अंगठा मण्यावर टेकवला आणि तो हळूच खाली सरकवायला लावला. तार किंचित चढली. मी ते पान त्याच रात्री पुन्हा काढले.